उजव्या कानातलं मशीन

नव्या मुलीने ताईंसारखे आखूड केस कापून घेतले, तेव्हा ताई आनंदाने फुगल्या. कानाची मशिनं बसवणाऱ्या त्या दवाखान्यात त्या सगळ्यांत जुन्या. कोणी आपल्याकडे बघून शिकतंय म्हटल्यावर कोणाला बरं वाटणार नाही? मग तसाच निळा चष्मा आला. मग मान तिरकी करून, पेशंटच्या गुडघ्यावर हात ठेवून "काय म्हणतायत कान?" हा प्रश्न आला. आणि एके दिवशी शेजारच्या टेबलावरून चक्क ताईंचं हसणंच ऐकू आलं, शेवटी घेतलेल्या बारीक श्वासासकट.

त्या दिवसापासून ताईंचं डोकं फिरलं.

"मी अशी हसते? इतकं खोटं?" त्यांनी घरी नवऱ्याला विचारलं.

"घरी कुठे हसतेस?" नवरा म्हणाला.

झालं! ताईंना हसायची चोरी झाली. नेहमीचा प्रश्न तोंडात यायचा आणि आपणच त्या मुलीची नक्कल करतोय असं वाटून जीभ अडखळायची. आरशात बघावं तर आधी तीच दिसायची. डॉक्टरांकडे तक्रार तरी काय करणार? ती माझ्यासारखी गोड वागते म्हणून?

एक गोष्ट मात्र तिने उचलली नसणार, अशी ताईंना खात्री होती. मशीन साफ करायला काढलं की समोरच्याला ऐकू येत नाही. तेवढ्या वेळात ताई, चेहऱ्यावरचं हसू जराही न हलवता, मनातलं पुटपुटून घ्यायच्या. दिवसभर गोड बोलायचं म्हणजे कुठेतरी मोकळं व्हायला नको?

मंगळवारी ताईंची आई मशिनं साफ करून घ्यायला आली. ताईंसमोर पेशंट होता, म्हणून आई नव्या मुलीकडे बसली. मुलीने तिच्या गुडघ्यावर हात ठेवला, कानांची खुशाली विचारली, डावं मशीन काढलं आणि ब्रश फिरवता फिरवता, ताईंचंच हसू हसत पुटपुटली, "ऐकायला कमी, बडबड जास्त. जीव खाते नुसता."

ताई ताडकन उठल्या. "लाज वाटते का गं? माझी आई आहे ती! आणि उजवं मशीन कानातच आहे, दिसत नाही?"

मुलगी पांढरीफटक पडली. आई मात्र शांत होती.

"तिला कशाला ओरडतेस? गेल्या खेपेला तूही हेच म्हणालीस. शब्द न् शब्द. उजवं तेव्हाही कानातच होतं."

ताईंचे कान तापले. गेल्या खेपेला निघताना आईने त्यांच्या पाठीवरून हात फिरवला होता, "किती दमतेस गं" म्हणाली होती. ऐकलं होतं तिने, आणि तरीही. ताईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आईने उजवं मशीनही काढून टेबलावर ठेवलं. "घे. आता दोन्ही नाहीत. काय बोलायचं ते बोलून घे."

ताईंनी दोन्ही मशिनं परत आईच्या कानांत बसवली, चालू आहेत ना ते पाहिलं. मान किंचित तिरकी झाली, हात आईच्या गुडघ्यावर गेला.

"आई, चुकलं गं माझं."

"चुकलं हो आजी माझं," शेजारून मुलगी म्हणाली. तीच तिरकी मान, तोच ओला आवाज.

आईने आळीपाळीने दोघींकडे पाहिलं. मग ताईंचा हात आपल्या गुडघ्यावरून हळूच उचलला.

"हे पेशंटना कर," ती म्हणाली.