मुकादमाचा ‘हं’

गोल्फच्या मैदानावर गवत कापणाऱ्यांचा मुकादम तोंडाचा भारी फटकळ, पण लेकीपुढे पार विरघळायचा. बायको गेल्यावर पोरीला घरी एकटं कुठं ठेवणार? म्हणून तो तिला कामावर आणू लागला, आणि तिथंच त्यानं तिच्या हातात कुणाची तरी जुनी स्टिक दिली.

शिकवलंही त्यानंच. तिच्या पाठीशी उभं राहायचं, तिनं स्टिक खांद्यामागं नेली की क्षणभर तिला तिथंच थांबवायचं, मग म्हणायचं, "हं!" त्या ‘हं’वर ती फटका हाणायची. भल्याभल्यांच्या पोरींना तिनं पाणी पाजलं.

मग मनगट सुजलं. डॉक्टर म्हणाले, वर थांबण्यामुळं सगळा झटका मनगटावर येतोय. हे असंच चाललं तर खेळ कायमचा सुटेल.

नवी कोचबाई आली. "वर थांबायचंच नाही. आधी कंबर वळू दे, हात मागोमाग येतील."

सांगायला काय जातंय! पोरीचे हात वर गेले की थांबलेच. मुकादमानं त्याचा ‘हं’ तर डॉक्टरांनी सांगितल्या दिवसापासून गिळला होता. तो नुसता मागं उभा राहून चरफडायचा.

"अगं, थांबतेस कशाला? डोकं गहाण टाकलंस का?"

"मी नाही हो थांबत, बाबा. हातच थांबतात."

"जित्याची खोड!" म्हणून तो कोचबाईच्या नावानं बोटं मोडायचा.

एके दिवशी गवत कापायचं मशीन पार पलीकडच्या टोकाला बंद पडलं. मुकादम झुडपामागं बसून पातं सोडवत होता. सहज मान वर केली, तर पोर कोचबाईसमोर फटके मारत होती. एकामागून एक, झोका यावा तसे. थांबा कुठंच नाही! त्याचा ऊर भरून आला. तेलकट हातांनीच तो धावत गेला आणि शाबासकी द्यायला नेहमीच्या जागी, तिच्या मागं उभा राहिला.

तिनं स्टिक उचलली. वर नेली. आणि थांबली.

तो एक अक्षर बोलला नव्हता. ती वाट बघत होती त्याच्या ‘हं’ची. फटका बसला तशी ती मनगट धरून खाली बसली.

मुकादमानं कोचबाईकडं पाहिलं. "तुम्हाला ठाऊक होतं?"

"पहिल्याच दिवशी कळलं."

"मग बोलला का नाहीत?"

"बापाला कसं सांगायचं हो, की मुलीच्या मागून बाजूला व्हा?"

संध्याकाळी पोर मिठाच्या गरम पाण्यात मनगट शेकत बसली होती. मुकादम समोर येऊन बसला.

"उद्यापासून तू खेळशील तिकडं मी फिरकणार नाही. सामन्यालाही नाही."

त्याला वाटलं, आता ही चिडणार, ‘काहीतरीच काय बाबा’ म्हणणार. ती तसं म्हणालीही. ओल्या हातानं त्याचा हात धरून रडलीसुद्धा, आणि ते रडणं खोटं नव्हतं.

पण त्याआधी तिचे खांदे सैल पडले होते आणि तिनं एक लांब श्वास सोडला होता. इतकी वर्षं त्यानं ते खांदेच तर मागून पाहिले होते. त्यांनी त्याला कसं फसवावं? पोरीला आपण इतके जड झालो होतो, आणि ती एका शब्दानं बोलली नव्हती.