पायपेटीच्या वहीतले ठिपके

मित्रांनो, मी आचऱ्याच्या एका दशावतारी मंडळाची जुनी पायपेटी. हाताने स्वर वाजवायचे आणि पायाने भाता मारायचा, म्हणून हे नाव. सावंतवाडीच्या एका कारागिराने मला सागवानात घडवलं. पुढची एकतीस वर्षं मंडळाचे पेटीवाले गुरुदास यांनी माझ्यावर देव आणले, राक्षस आणले, लग्नं लावली. मध्यंतरी मंडळाने विजेचा कीबोर्ड घेतला, तेव्हा मी तीन पावसाळे नारळांच्या ढिगाशेजारी काढले. खाऱ्या हवेने माझे सूर, म्हणजे आतल्या धातूच्या पट्ट्या, गंजले. गुरुदासांनीच ते एकेक घासून मला परत उभं केलं.

यंदा जिल्ह्याची स्पर्धा आठ दिवसांवर असताना ते माडाच्या आळ्यात घसरले आणि त्यांचं उजवं मनगट मोडलं. मंडळात दुसरं वाजवणारं कुणी नव्हतं. त्यांची मुलगी किशोरी मालवणला शाळेत संगीत शिकवते. तिला हातपेटी येत होती. वडिलांची स्वरलिपीची वही घेऊन ती माझ्यासमोर बसली.

पहिल्याच तालमीत घोटाळा झाला. स्वराच्या डोक्यावर ठिपका म्हणजे वरचं सप्तक, पायाशी ठिपका म्हणजे खालचं. पण गुरुदासांनी ओळी इतक्या दाटीने लिहिल्या होत्या की ठिपके दोन ओळींच्या मधेच लोंबकळत होते. किशोरीने राक्षसाचा प्रवेश वरच्या सप्तकात वाजवला. राक्षस करणारे बाबली हात खाली टाकून म्हणाले, "माझ्या राक्षसाक पाळण्यात घातलंस गो."

सगळे हसले. किशोरीला हसू आलं नाही. घरी तिने वही वडिलांपुढे ठेवली.

"बाबानू, हो ठिपको वरच्या ओळीचो, काय खालच्या?"

गुरुदासांनी डाव्या हाताने वही डोळ्यांजवळ धरली. "माका ठावक होता, म्हणान कधी बघूकच नाय."

मग चार दिवस ते गात राहिले आणि ती नव्या वहीत उतरवत राहिली. ओळींत दोन बोटं अंतर. ठिपका आपल्या स्वराला खेटून. वरचे स्वर सलग आले तर ठिपक्यांची रांग न लावता वरून एकच रेघ, पहिल्या स्वरापासून शेवटच्यापर्यंत. स्वरांखाली पदाचे शब्द. आणि सगळ्यांत तळाला, तांबड्या पेन्सिलीने, माझ्या भात्याची खूण. पाय ज्या स्वरावर जोराने दाबायचा, बरोबर त्याच्या खाली.

स्पर्धेच्या दुपारी सभागृह खच्चून भरलं होतं. बाबली पडद्याआडून निघाले. किशोरीची नजर तांबड्या खुणेवर गेली, पाय दाबला गेला, आणि खालचा पंचम असा घुमला की माझी स्वतःचीच चौकट थरथरली. पुढच्या रांगेतली पोरं आयांना बिलगली. बाबलींची पहिली आरोळी टाळ्यांत बुडाली.

मंडळाचा पहिला नंबर आला. संगीतसाथीचं बक्षीस किशोरीला मिळालं. प्लास्टरातला हात गळ्यात अडकवून गुरुदास मंचावर आले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "हात बरो झालो तरी पेटयेर आता तूच बस."

मित्रांनो, मला कोरडी जागा द्या आणि अधूनमधून वाजवत राहा, एवढं मला पुरतं. पण तुमच्या घरात कुणाला एखादी चाल तोंडपाठ असेल, तर ती आजच लिहून घ्या, आणि लिहिताना ओळींत जागा सोडा. ती वाचणारं माणूस कदाचित अजून जन्मायचं असेल, आणि त्याला विचारायला तेव्हा तुम्ही नसाल.