डावीकडची सीट

"मग चाक डावीकडे वळवलं कोणी?" विमा कंपनीच्या सर्व्हेअरनं कागदावरून मान वर न करता विचारलं.

गॅरेजच्या अंगणात मास्तरांची गाडी उभी होती. डावा दिवा फुटलेला, बॉनेट दुमडलेलं. छपरावरची 'शिकाऊ' ही पाटी मात्र ताठ. बावीस वर्षं मास्तर लोकांना गाडी शिकवत होते. घर चालत होतं ते या एका गाडीवर.

"मीच," सिस्टर म्हणाली. ती इस्पितळात नर्स होती, पन्नाशीला टेकलेली, मास्तरांकडे गाडी शिकायला येणारी. "सायकलवाले आजोबा एकदम पुढं आले, मी घाबरले. पुढचं काही आठवत नाही. मास्तरच म्हणाले ना तेव्हा, सिस्टर घाबरल्या म्हणून."

"झालं तर! शिकाऊ चालकाची चूक. असल्या चुकांसाठीच तर विमा असतो. मास्तर, इथं सही करा. आठवडाभरात गाडी दारात."

मास्तरांनी पेन घेतलं. निघताना बायकोनं बजावलं होतं, "तिथं जाऊन शहाणपण शिकवू नका. सही करा आणि गुमान घरी या."

"एवढं मिटलं की मी सुटले," सिस्टर पुटपुटली. "आता पुन्हा चाकाला हात लावायची नाही. सलाईन लावताना कधी हात थरथरला नाही माझा, पण हे… आपला पिंडच नाही तो."

पेन कागदावर टेकून तसंच राहिलं. पहिला महिनाभर ही बाई बुडत्यानं ओंडका धरावा तसं चाक धरायची. पंधरा दिवसांपूर्वी, अपघाताच्या वेळी मात्र मास्तरांचा पाय त्यांच्या बाजूच्या ब्रेकवर पोचायच्या आधीच तिचा ब्रेक लागला होता. गाडी थांबतच होती. तेवढ्यात मास्तरांचा हात सवयीनं पुढं गेला, त्यानं चाक खेचलं आणि समोर खांब आला. मग गर्दी जमली, आणि मास्तरांच्या तोंडातून निघून गेलं, 'सिस्टर घाबरल्या.'

"सही, मास्तर."

"चाक मी ओढलं."

सर्व्हेअरनं आता मान वर केली. "हे बघा, असं लिहिलं तर तो प्रशिक्षकाचा निष्काळजीपणा होतो. फाईल अडकेल, तुमच्या परवान्याची चौकशी लागेल. कशाला आपल्याच पायावर धोंडा पाडून घेता? बाईंची तर काही हरकत नाहीये!"

"त्यांची नाही. माझी आहे." "ब्रेक यांनी माझ्याआधी लावला होता. अगदी वेळेवर. विश्वास मी ठेवला नाही."

सिस्टर त्यांच्याकडे बघतच राहिली. "मी लावला होता? आणि पंधरा दिवस मी… तुम्ही मला…"

तिच्या डोळ्यांत सरळ राग होता. मास्तरांनी खाली मान घालून तो सोसला.

सर्व्हेअरनं एक ओळ खोडली, वर दुसरी लिहिली. मास्तरांनी सही केली.

"फोटो काढायचेत. गाडी भिंतीला चिकटलीय, जरा मागं घ्या."

मेकॅनिक उठला. मास्तरांनी त्याला हातानंच थांबवलं आणि किल्ली सिस्टरपुढं धरली. बराच वेळ तिनं ती घेतली नाही. मग हिसकावल्यासारखी घेतली आणि उजवीकडचं दार उघडलं.

मास्तर डावीकडे बसले. पायाशी त्यांचा जादाचा ब्रेक होता. त्यांनी चपला काढल्या, दोन्ही पाय वर घेऊन सीटवर मांडी घातली आणि हात काखेत दाबून धरले.

"मागं कोणी आहे का बघा ना, मास्तर."

मास्तरांनी नजर समोरच्या भिंतीवरच ठेवली.

सिस्टरनं स्वतःच आरसा नीट केला. गाडी सरळ मागं सरकू लागली.