काजूला बांधलेला दोर

पेट्रोलचं इंजिन विहिरीत उतरवायचं नाही, त्याचा विषारी धूर आत साचून माणूस गुदमरतो. अग्निशमन दलात नवा माणूस आला की हे मीच त्याच्याकडून घोटवून घेतो, आणि विसरला तर त्याची खरडपट्टीही काढतो. तेव्हा त्या दुपारचा दोष मी दुसऱ्या कोणावर ढकलणार?

देवरूखच्या वरच्या अंगाला वणवा लागला होता. बंब वाडीपर्यंत चढेना, म्हणून महिपत आणि मी पेट्रोलवर चालणारा पोर्टेबल पंप उचलून पायवाटेने वर नेला. सतरा वर्षं आम्ही एकाच पाळीत. त्याची धाकटी बहीण चंपा त्याच वाडीत दिलेली, आणि आग सुकं गवत खात नेमकी तिच्याच घराकडे सरकत होती.

विहिरीत पाणी होतं, पण मार्चमध्ये ते पस्तीस फूट खाली गेलेलं. असा पंप फार तर बावीस-तेवीस फुटांवरून पाणी ओढतो. दोनदा करून पाहिलं. पाणी डोळ्यांना दिसतंय आणि पाइप कोरडा, माझं डोकंच फिरलं.

विहिरीत मध्यावर जांभ्याचा कातळ पुढे आलेला होता. महिपत म्हणाला, पंप त्यावर ठेवू, मी उतरतो. मी साफ नको म्हटलं.

"धा मिन्टं रं," तो म्हणाला. "चंपीचं घर आताच बांधून उभं ऱ्हायलंय."

आणि मी ऐकलं.

त्याच्या कमरेला दोर बांधला. धुराने जीव घाबरला तर ओढायचा, मी वर खेचून घेईन, असं ठरलं. दोराचं वरचं टोक माझ्या हातात हवं होतं. पण नोझल धरायला शिकलेलं दुसरं कोणी नव्हतं, आणि वाडीतली माणसं टहाळे घेऊन आग झोडपत होती. मी दोर विहिरीजवळच्या काजूला बांधला आणि पळालो.

पाणी आलं. चाळीस मिनिटं धार एकदाही तुटली नाही. महिपत पंप काय झकास सांभाळतोय, असं मी मनात म्हणत होतो, खरंच म्हणत होतो. चंपाच्या पडवीपासून पाच हातांवर आग विझली.

विहिरीशी आलो तर पंप चालूच होता. महिपत कातळावर कुशीवर पडला होता. दोर ओढून ओढून काजूच्या खोडाची साल सोलली होती.

पाच दिवसांनी चंपाकडे गेलो. तिने पडवीत बसवलं, पाणी दिलं. तिथून तो काजू दिसतो, म्हणून मी पाठ करून बसलो.

"प्रमोददादा, त्यानं हाक मारलीन व्हती काय?" तिने विचारलं.

"नाही," मी म्हटलं. मला ऐकू आली नव्हती, तेवढं खरं होतं. इंजिनाच्या आवाजात हाक ऐकू येत नाही, म्हणून तर दोर होता. तो दोर माझ्या हातात नव्हता, एवढं सांगायला तोंड उघडलं, पण मला रडूच फुटलं.

चंपाने पदराने स्वतःचे डोळे पुसले आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला.

"मंग तुजा काय दोष," ती म्हणाली.