फुआतिनोचा हिरवा पोशाख

महिन्याचा पहिला रविवार चर्चमधल्या प्रभुभोजनाचा. त्या दिवशी बेटावरचं हे अख्खं गाव पांढऱ्यात असतं. बायकांचे पोशाख पांढरे, टोप्या पांढऱ्या, पुरुषांच्या लुंग्याही पांढऱ्या. पांढऱ्यात नसतात ते फक्त ‘पडलेले’, म्हणजे दारू प्यालेले, मारामारी केलेले, लग्नावाचून संसार थाटलेले. ते रंगीत कपड्यांत मागच्या बाकावर बसतात आणि भाकरीचं ताट त्यांच्यापुढे थांबत नाही. सहा महिने नीट वागलं की परत पांढरं घालायला मोकळे.

त्या रविवारी फुआतिनो हिरव्या पोशाखात आली आणि मुकाट्यानं मागच्या बाकावर जाऊन बसली. पुढच्या बायकांच्या माना वळल्या त्या वळल्याच. गाणाऱ्यांचा सूर मध्येच ढासळला. शेजारी बसलेल्या दोन दारुड्यांनी आदरानं सरकून तिला जागा दिली.

ती एलिसाराची विधवा. एलिसारानं तीस वर्षं रविवारच्या शाळेत गावातली पोरं शिकवली होती. दीड वर्षापूर्वी साखरेच्या आजारात त्याचा आधी एक पाय गेला, मग दुसरा, मग तो स्वतः. नऊ महिने ती त्याच्या उशाशी बसून प्रार्थना करत होती. तो म्हणायचा, “शंका आली ना, की तिला दारातच अडवायची. प्रार्थना सोडायची नाही. एकदा आत घेतलीस की ती जेवायलाच बसते.” ज्या गावात घरांना भिंतीच नाहीत, नुसते खांब नि छप्पर, तिथे हा माणूस दाराच्या गोष्टी करत होता. पण तिला ते पटायचं. तिनं प्रार्थना कधी सोडली नाही. संध्याकाळी प्रार्थनेचा शंख वाजला, सगळं गाव आपापल्या छपराखाली बसलं, की तीही चटईवर बसायची, डोळे मिटायची, सगळे शब्द म्हणायची. फक्त आत काहीच होत नसे. दुःखसुद्धा नाही. तोंडात दात काढलेल्या जागी भूल दिलेली असावी तसं. गेल्या महिन्यात भाकर घेतली तेव्हा तिला वाटलं, आपण पांढऱ्या पोशाखात बसून सगळ्यांना फसवतोय. म्हणून हिरवा.

एवढंच होतं. पण दुपारची जेवणं व्हायच्या आत गावानं निकाल लावला: बाईचं कुणाशी तरी जमलंय. कुणाशी, हे शोधायला गावाला लांब जावं लागलं नाही. पेसामिनो बस चालवायचा. बायको जाऊन दहा वर्षं झालेली, आणि रोज फुआतिनोच्या घरासमोर बस थांबवून तिची अळूच्या कंदांची पोती स्वतः उतरवून द्यायचा. आता हा माणूस म्हाताऱ्या सोसालाही रोज बसमधून उतरवून द्यायचा, त्याच्याशी त्याचं जमलंय असं कुणी म्हटलं नव्हतं. पण ते कोण ध्यानात घेतो!

सोमवारी चर्चचा डीकन सिमानु पडलेल्यांची वही घेऊन आला. चटईवर मांडी घालून बसला, कोको प्याला, हवापाण्याचं बोलला.

“बाई, मी एलिसाराचा दोस्त. मला सांगायला लाजू नका. दारू?”

“नाही.”

“पत्ते? भांडण?”

“नाही.”

“मग नाव सांगा आणि मोकळ्या व्हा.”

“नाव नाही, सिमानु. मी प्रार्थना करते आणि पलीकडे कुणी आहे असं वाटतच नाही. दीड वर्ष झालं.”

सिमानुनं वहीची पानं चाळली. त्याच्या डीकनकीच्या तीस वर्षांत ही नोंद कुणी मागितली नव्हती.

“असं काही नसतं,” तो शेवटी म्हणाला. “म्हणजे, असलं तरी त्याला मागचा बाक नाही. असं वाटलं म्हणून उठून मागे बसायला लागलो तर पुढे कोण उरेल? पुढच्या प्रभुभोजनाला पांढरं घाला. नाहीतर नाव सांगा. लोकांची तोंडं मी किती दिवस धरू?”

पांढरं घालायचं म्हणजे खोटं. नाव सांगायचं म्हणजेही खोटंच. तिला राग यायला हवा होता. आला नाही. तिनं सिमानुचा कप विसळून पालथा घातला.

बुधवारी भरदुपारी पेसामिनो आला. बस रिकामी उभी करून, केस चोपून, हातात पपई घेऊन. सगळ्या घरांतून दिसत होतं, त्यामुळे तो मुद्दाम उन्हात, अंगणातच बसला.

“वहिनी, गावात काय चाललंय कानावर आलंय ना?”

“आलंय.”

“माझी हरकत नाही.” मग त्याचे कान लाल झाले. “म्हणजे, वहिनीच म्हणतोय अजून, तोंडाला सवय झालीय. पण तुम्ही माझं नाव सांगितलंत तर मी नाही म्हणणार नाही. सहा महिने मागे बसू. मग लग्न लावू. परत पांढरं. कुणी काही विचारणार नाही.”

फुआतिनोनं त्याच्याकडे नीट पाहिलं. चांगला माणूस होता. घरात लाकूडफाटा आणणारं कुणी असेल, जेवताना समोर कुणी असेल. आणि देवाबद्दल कुणीही, कधीही विचारणार नाही. हे शेवटचं तिला सगळ्यात गोड वाटलं, आणि त्याचीच तिला भीती वाटायला हवी होती.

“नको, पेसामिनो. खोटं आहे ते.”

“थोडंसंच आहे,” तो म्हणाला. मग पपई ठेवून निघून गेला.

उरलेले दिवस तिनं रोज संध्याकाळी शब्द म्हटले. एलिसारानं सांगितलं होतं म्हणून, दुसरं कारण नाही. पुढचा पहिला रविवार आला. तिनं हिरवाच पोशाख घातला.

चर्चच्या पायरीवर सिमानुनं तिला गाठलं. त्याचा चेहरा ओझं उतरल्यासारखा झाला होता. “झालं, बाई. काल पेसामिनो येऊन सगळं कबूल करून गेला. दोघांना सहा महिने. मग लग्न. तुम्ही काही बोलायचीच गरज नाही.”

खरोखरच गरज नव्हती. ती आत गेली. मागच्या बाकावर पेसामिनो निळ्या शर्टात बसला होता. तिला पाहून सरकला आणि समोर बघू लागला. फुआतिनो बसली. नुसतं गप्प बसायचं होतं, बाकी सगळं त्यानं उरकलं होतं.

सिमानु ताट घेऊन निघाला. भाकर म्हणजे पावाचे चौकोनी तुकडे, पांढऱ्या रुमालाखाली. रांगेमागून रांग ओलांडत ते मागे आलं. पेसामिनोची आई त्याला कडेवर घेऊन प्रभुभोजनाला यायची, आणि चर्चच्या मंडळीत नाव लागल्यापासून त्यानं एकही पहिला रविवार चुकवला नव्हता. बायकोला पुरलं त्याच्या दुसऱ्या दिवशीही तो पांढरी लुंगी नेसून आला होता. ताट त्यांच्या बाकापाशी आलं आणि सवयीनं त्याचा हात वर उठला. मग त्याला आठवलं. त्यानं हात खाली घेतला, गुडघ्यावर ठेवला आणि दुसऱ्या हातानं दाबून धरला.

ताट पुढे गेलं.

फुआतिनोला राग आला. शरम आली, आणि इतक्या दिवसांनी आल्यामुळे दोन्ही दुखत होती. या माणसाला भाकर हवी होती. त्याला खरीच हवी होती, आणि ती त्यानं तिच्यासाठी सोडली होती.

ती उठून उभी राहिली.

“सिमानु, थांब,” ती म्हणाली. आवाज मोठा निघाला. “पेसामिनो खोटं बोललाय. आमच्यात काही नाही. माझा विश्वास गेलाय, म्हणून मी मागे बसते. तो माझ्यापायी बसलाय. त्याला भाकर दे.”

“वहिनी, बसा,” पेसामिनो पुटपुटला. “बसा हो.”

 सिमानु ताट धरून तसाच उभा. वेदीपाशी चर्चच्या पाळकांनी चष्मा काढला आणि परत घातला. खोटी कबुली देणाऱ्याला भाकर द्यायची की नाही, हे कुठल्या वहीत होतं कुणास ठाऊक.

फुआतिनो खाली बसली. तिनं डोळे मिटले. रोजचे शब्द तोंडावर आले, पण ते नको होते. ‘याला दे,’ ती मनात म्हणाली. ‘मला राहू दे, याला दे. ऐकतोयस का?’

मग आपण कुणाला विचारतोय हे तिच्या ध्यानात आलं. तिनं डोळे उघडले नाहीत. ती उत्तराची वाट बघत बसली.