नव्याण्णवांतली मोठी

रिबीन मनगटाला गुंडाळून ताईने धाकटीच्या केसांचे तीन पेड केले आणि पिठाच्या डब्याला टेकवलेल्या पुस्तकातून हरवलेल्या मेंढराची गोष्ट वाचायला घेतली. दोन ओळी होतात न होतात तोच धाकटीने डोकं हिसकावून घेतलं.

"आई असं नाही वाचत. तू बातम्या देतेस."

आईला दूरदेशीच्या दवाखान्यात नर्स म्हणून जाऊन चार महिने झाले होते. शाळेआधी वेणी आणि वेणीबरोबर बायबलमधली एक गोष्ट, हा तिचा नेम. जाताना तो तिने ताईच्या हवाली केला होता. पण आई गेल्यापासून धाकटीने प्रार्थनेला तोंड म्हणून उघडलं नव्हतं. दर रविवारी आई फोनवर त्याबद्दल विचारायची आणि ताई "करते की" असं ठोकून द्यायची. देवाच्या नावाने थापा, त्याही आईला. उद्या पुन्हा रविवार.

ताईने आवाज मऊ केला. मेंढपाळ नव्याण्णव मेंढरं रानात सोडून एकाला शोधायला निघाला.

"नुसतं सोडून नाही," धाकटी म्हणाली. "मोठीला सांगून."

"कुठली मोठी?"

धाकटीने कपाळाला हात लावला. एवढंही ठाऊक नसलेल्या माणसाला शिकवायचं तरी कसं? मग तिने आई सांगायची ते सगळं सांगितलं. नव्याण्णवांत एक मोठी मेंढी असते. शहाणी. मेंढपाळ तिला म्हणतो, मी येईपर्यंत यांच्याकडे बघ. ती सगळ्यांना गोळा करते, भांडणं सोडवते आणि स्वतः कधीच हरवत नाही.

ताईने पान वरपासून खालपर्यंत पाहिलं. मोठी कुठेच नव्हती. ताई लहान असताना आईने हीच गोष्ट सांगितली होती. तेव्हा मेंढरू रुसून झुडपामागे बसलं होतं आणि मेंढपाळाने त्याला खांद्यावर घेऊन थेट घरी आणलं होतं. ते रुसूबाई मेंढरू कोण, हे ताईला तेव्हाही कळलं होतं.

वेणी निम्म्यावर आली होती. ताईचे हात थांबले.

"मग मोठीला कोणी उचललं?"

हे धाकटीला कधी सुचलंच नव्हतं.

"आईच्या हातात केस असायचे ना, ती पान उलटायचीच नाही," ती म्हणाली. "पुढे असेल. बघ."

ताईने पेड सोडले आणि पान उलटलं. तिथे वादळाची आणि होडीची दुसरीच गोष्ट होती. तिने पहिल्या ओळीवर बोट ठेवलं.

"मेंढपाळ परत आला," ती वाचू लागली. "सगळी मेंढरं आत गेली. मोठी दाराशीच उभी होती. मग तो..."

पुढचं तिला वाचता येईना.

मग सगळा भार टाकून धाकटी मागे ताईला टेकली आणि तिने डोळे मिटले.

"प्रभू, मोठीला पण उचल," ती म्हणाली. "ती जड आहे. पण उचल."