पत्र्याच्या शेडमध्ये राहिलेले औषध

मी एक जुनी काचेची बरणी आहे, मित्रांनो. पण माझ्यात कधी कुणी खाऊ ठेवला नाही. माझे सारे आयुष्य उपडे गेले, काठ मातीत रोवून.

माझ्याबरोबर भट्टीतून निघालेल्या बरण्या कुणाकुणाच्या स्वयंपाकघरात गेल्या. आम्ही बारा जणी मात्र पेंढ्यात गुंडाळून एका शेती संशोधन केंद्रात आलो. तिथल्या संशोधक बाईंनी आम्हांला एकेक करून उजेडात धरून पाहिले. त्यांना मातीतून उडून जाणारे खत पकडायचे होते.

पिकाला घातलेला युरिया सगळाच पिकाच्या पोटात जात नाही. त्याचे पांढरे दाणे ओलसर मातीवर पडले की माती त्यांना फोडते, आणि त्यांचा अमोनिया होऊन हवेत उडून जातो. खत टाकल्यावर नाकाला झोंबतो तो हाच. बाईंकडे एक निळे औषध होते. ते दाण्यांना चोळले की ही फोडाफोड आठवडाभर तरी लांबते. तेवढ्यात पाणी मिळाले, तर खत खाली मुळांशी उतरते. हे औषध खरेच काम करते का, ते आम्ही सांगायचे. मातीवर गुलाबी पाण्याची वाटी ठेवायची आणि तिच्यावर मला उपडे घालायचे. अमोनिया वर आला की पाणी हिरवे होई.

आमची देखभाल करणाऱ्यांना सगळे मोजणीमामा म्हणत. काहीही विचारा, ते म्हणत, थांबा, मोजून सांगतो. बायकोने भूक लागली का विचारले, तरी ते आधी घड्याळ बघतात, अशी त्यांची थट्टा होई. पण हात फार हलका. इतक्या वर्षांत त्यांच्या हातून एक बरणी फुटली नाही.

पहिली दोन वर्षे सुखाची गेली. साध्या युरियावरच्या वाट्या तिसऱ्या दिवशी हिरव्यागार होत. माझी वाटी औषध लावलेल्या युरियावर, ती गुलाबीच राही. बाई माझ्यासमोर मातीत बसून स्वतःशीच हसत. शेजारच्या मळ्यात मका लावणाऱ्या काकू कुंपणापाशी येऊन चौकशी करत. त्यांना पाणी पाळीने मिळे. खत टाकून पाण्याची वाट बघताना डोळे चुरचुरत, आणि मका मात्र पिवळा पडे. बाई त्यांना सांगत, अजून एकच वर्ष; तीन वर्षांचे आकडे जुळले की केंद्र सगळ्यांना हे औषध वापरायला सांगेल.

तिसऱ्या वर्षी, ऐन उन्हाळ्यात, केंद्रातली थंड खोली दुरुस्तीला काढली. मोजणीमामांनी औषधाचा कॅन दोन दिवसांपुरता म्हणून पत्र्याच्या शेडमध्ये, माझ्या फळीसमोर आणून ठेवला. दुसऱ्याच दिवशी त्यांची बायको जिन्यावरून पडली. मांडीचे हाड मोडले. मामा निघून गेले ते रजेवरच राहिले, आणि दोन दिवसांचे दोन महिने झाले.

दुपारी पत्रा तव्यासारखा तापे. कॅनचे पोट फुगत चालले होते. ‘थंड जागी ठेवा’ ही त्याच्यावरची अक्षरे माझ्याकडेच तोंड करून होती. शेडमध्ये कुणी फिरकले नाही. मी नुसती बघत राहिले.

मामा परतले तेव्हा कॅन पाहून दारातच थबकले. त्याला हात लावला आणि चटकन मागे घेतला. मग तो उचलून त्यांनी थंड खोलीत नेऊन ठेवला. कुणाला काही बोलले नाहीत.

त्या हंगामात माझी वाटी तिसऱ्या दिवशी हिरवी झाली. बाईंनी वाटी बदलली. तीही हिरवी.

"माझ्याकडून मिसळताना काही चुकलं का हो?" त्यांनी मामांना विचारले.

मामा खाली बघत म्हणाले, "मोजलं ते बरोबर आहे, बाई."

खोटे नव्हते ते. पण खरेही नव्हते. माझ्याच वाटीवरून औषध नापास ठरत होते, आणि मला गप्प राहण्यावाचून गत्यंतर नव्हते. प्रयोग बंद झाला. बाईंची बदली झाली. जाण्याआधी त्यांनी कुंपणापाशी जाऊन काकूंना स्वतः सांगितले, की त्या औषधाच्या नादी लागू नका.

शेवटच्या दिवशी मामा मला धूत होते. धुता धुता थांबले, आणि मला हातात घेऊन तसेच ओल्या हातांनी बाईंच्या खोलीत गेले. बाई पुस्तके खोक्यात भरत होत्या. मामांनी सगळे सांगून टाकले. बाईंनी हातातले पुस्तक खाली ठेवले.

"तेव्हाच सांगितलं असतंत, तर मी नवं औषध मागवलं असतं," त्या म्हणाल्या. "वेळ होता आपल्याकडे." मग त्यांनी विचारले, "वहिनी चालतात का आता?"

"काठी घेऊन," मामा म्हणाले.

बाईंनी वरिष्ठांना पत्र लिहिले. उत्तर आले, की जमीन दुसऱ्या कामाला दिली आहे, पुढे बघू. ते ‘पुढे’ अजून आलेले नाही. मळ्यात काकू साधाच युरिया टाकतात. वारा इकडे वळला की तो झोंबरा वास शेडमध्ये येतो.

मित्रांनो, डब्यावरची सूचना वाचत जा. आणि चूक झालीच, तर ज्याला सांगायची त्याला त्याच दिवशी सांगा. बरणीला नुसते तोंड असते. तुम्हांला बोलता येते.